अकरा गाणी आणि कोटाचं बटण

तीर्थस्वरूप दाजींना,

वाकून नमस्कार. (खरोखर वाकून. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मी हे नुसतं लिहायचो. आता वाकता येतं, उठताना तेवढं टेबल धरावं लागतं.) आम्ही सगळे मजेत. तुमचा गुडघा काय म्हणतो? ताई लग्नाच्या खरेदीला इथे आल्यापासून चार दिवस घरात तुमच्या गुडघ्याचंच पुराण चालू आहे, तेव्हा त्याची चौकशी केल्याशिवाय पुढे जाणं बरं नव्हे. फोनवर बोलावं तर आमच्या दोन खोल्यांत ताईच्या कानाआड काही होत नाही, म्हणून दुकानात बसून लिहितोय. पत्र तिच्याच हाती देणार आहे, पण पाकिटाला चांगला दुहेरी टाका घालून.

तर पैजेबद्दल. साखरपुड्याच्या जेवणावर तुम्ही चारचौघांत म्हणालात की शिंप्याला स्वतःचाच कोट बसत नाही. मीही तोंडाचा फटकळ, म्हणालो की भाचीच्या लग्नात माझ्या स्वतःच्या लग्नातला कोट घालीन, तिन्ही बटणं लावून, एकही टाका न उसवता. तुम्ही म्हणालात, मीही दुकानातून आणलेला रेडिमेड सूट जसाच्या तसा घालीन, आणि तुमचं बटण लागलं नाही तर तुम्हालाही तसलाच एक आणून देईन. ताई पंच. दाजी, तुम्हाला ती गंमत होती. पण मी तीस वर्षं लोकांचे कपडे शिवतोय. घरातल्या लग्नाच्या फोटोत मी रेडिमेड कोट घालून उभा राहिलो आणि तो फोटो तुमच्या दिवाणखान्यात टांगला गेला, तर मला कातर खाली ठेवून दुसरा धंदा बघावा लागेल. हसू नका. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. (एक पोळी गेली.)

दुसऱ्या दिवशी कोट काढला. बटण आणि काज यांच्यात चार बोटांचं अंतर! आमचे डॉक्टर (माझं गिऱ्हाईकच) म्हणाले, पळा. म्हणून जिममध्ये नाव घातलं. तिथले मास्तर (तेही गिऱ्हाईक, बाह्या अशा फुगलेल्या की बघणाऱ्याला धडकी भरावी) म्हणाले की ट्रेडमिलवर अर्धा तास गाणी ऐकत पळायचं, म्हणजे कळत नाही. मी फोनवर गाणी लावून पळालो. तिसऱ्या मिनिटाला एका गिऱ्हाइकाचा फोन, पँट झाली का? मी धापा टाकत म्हणालो, होतेय... होतेय... येतोच मी... त्या भल्या माणसाला वाटलं मी चाललो. त्याने दुकानावर माणसं पाठवली, आणि मी घरी पोचायच्या आत ही दारात रडायला बसलेली. तेव्हा हिनेच फर्मान काढलं की पळताना फोन बंद, गाण्यांसाठी वेगळं काहीतरी छोटंसं, स्वस्तातलं घ्या.

दुकानात तीन यंत्रं दाखवली. पहिलं महाग, त्याला रंगीत पडदा. मी विचारलं, पळताना बघणार कोण? दुसऱ्यात म्हणे दोन हजार गाणी मावतात. मला आवडणारी गाणी अकरा. उरलेल्या जागेचं भाडं मी का भरू? तिसरं काडेपेटीएवढं, पडदा नाही, मागे चिमटा. चिमटा मी कोटाच्या दुहेरी कापडावर लावून, झटकून, उलटा धरून पाहिला. असा चिमटा माझ्या दुकानातही नाही. सगळ्यात स्वस्त तेच. वर दोन सोयी फुकट: कानातली वायर काढली की आपोआप मोठ्याने वाजतं, आणि बटण दाबून बोललं की आवाज भरून राहतो. विक्रेता म्हणाला, ह्या सोयी कोणी वापरत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता माझं काम तुम्ही पाहिलंय. हातात टाचण्या, गळ्यात टेप, आणि माप वहीत उतरवायचं म्हणजे चष्मा शोधा. मी म्हटलं, हे बेणं कॉलरला लावावं आणि माप नुसतं बोलावं. काय सोय झाली म्हणून सांगू! संध्याकाळी कापड बेतताना मी माझाच आवाज ऐकायचो आणि मलाच हो हो म्हणायचो.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं. एके दिवशी अंगात काय आलं कोण जाणे, अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास पळालो. अकरा गाणी संपली. तेवढ्यात वायर ट्रेडमिलच्या दांडीत अडकून निघाली, आणि भरल्या जिममध्ये बारावं गाणं म्हणून माझाच भरलेला खणखणीत आवाज घुमला: डॉक्टर, कमर बेचाळीस, आत मापाची पट्टी मात्र अडतिसाची लावणे, घरी दाखवायची आहे. डॉक्टर शेजारच्याच ट्रेडमिलवर होते. मी बटण शोधतोय, पट्टा थांबत नाही, आणि तेरावं सुरू झालं: मास्तर, दोन्ही दंडांना आतून कापसाचा थर, मागच्या वेळेपेक्षा थोडा जास्त. दाजी, तेवीस माणसं होती, एक वजन खाली ठेवल्याचा आवाज आला नाही. चौदावं सुरू व्हायच्या आत बटण सापडलं. (चौदावं कोणाचं ते खाली येईल.)

शिंप्याने माप पोटात ठेवायचं असतं, आणि मी ते चव्हाट्यावर मांडलं, याची मला खरंच लाज वाटते. दोघांच्याही पाया पडून आलो. मास्तर म्हणाले, तुम्ही आता तंदुरुस्त आहात, उद्यापासून यायची गरज नाही. डॉक्टरांनी तसं लेखीही दिलं. एवढी झटपट तब्येत सुधारलेला मी गावातला पहिलाच.

बाकी सर्व क्षेम. भाचीला आशीर्वाद, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
मेहुणा

ता. क. कोटाची तिन्ही बटणं लागतात! दोन्ही बाजूंच्या शिलाईतून दीड-दीड इंच सोडल्यावर. जिमला जाणं बंद झाल्यावर दुसरं काय करणार होतो? ताई म्हणतेय की लग्नात कोट उलटा करून टाके तपासणार. तर एवढंच करा, सगळ्यांसमोर तिला म्हणा, अगं, भावावर विश्वास ठेव.

ता. क. दुसरा. नाही म्हणाल असं वाटत नाही. तीन आठवड्यांपूर्वी ऑफिसच्या कामाला म्हणून आलात, पिशवीतून तोच रेडिमेड सूट काढलात, त्या वेळी यंत्र माझ्या कॉलरवरच होतं. चौदावं माप तुमचं: दाजी, कमर सेहेचाळीस, पँट मागून दोन इंच सोडणे, ताईला कळू न देणे. पंधरावं माझं, कोटाच्या दीड-दीड इंचाचं, सवयीने बोलून गेलो. ते पुसायचं कसं हे मला येत नाही. पण काळजी नको, यंत्र घरी कपाटात बंद आहे.

ता. क. तिसरा. पाकीट शिवलं होतं, टाके उसवून घाईने लिहितोय. ताईची गाडी दुकानाच्या दारात उभी आहे. प्रवासात कंटाळा येऊ नये म्हणून हिने मोठ्या मनाने ते यंत्र ताईला देऊन टाकलंय, चिमटा पदराला आहे आणि वायर कानात. परत मागावं तर तिला लगेच वास येईल. प्रवास चार तासांचा, आणि गाणी, तुम्हाला माहीतच आहे, अकरा. तेव्हा हे पत्र उघडण्याआधी तिचा चेहरा नीट बघा, आणि जमलं तर माझ्यासाठी म्हणून तो जो रेडिमेड कोट आणणार होतात, तो दोन नग आणा.