दोन पाण्यांनी विसळलेला पंप

१० ऑक्टोबर १९९९, रविवार

लॉन कसलं, आंबुशीचं शेत झालंय! दिवाळीत आमच्या लेकीच्या, मनीषाच्या सासरची मंडळी येणार, घर बघायची त्यांची पहिलीच खेप — आणि अंगण हे असं. चूक माझीच. गवत पार मुळापर्यंत कापून घेतलं, वर रोज संध्याकाळी पाण्याचा पाइप सोडून ठेवला. गवत अशक्त झालं, तण माजलं. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "आंबुशीची भाजी कर, विहिणीला वाढ." चौतीस वर्षं वर्गाला शिस्त लावली मी. तणाला लावता येणार नाही?

१२ ऑक्टोबर

टू-फोर-डी तणनाशकाची बाटली आणली. दुकानदार म्हणाला, गवताला धक्का नाही, रुंद पानाचं तेवढं मरतं. पण फवारायला पंप कुठला? शेजारी गोटीरामची एकरभर द्राक्षबाग. तो पिंपळगावला गेला होता, म्हणून त्याच्या बायकोकडे, गोजराबाईकडे मागितला. तिने कमरेची किल्ली काढली, फवारणीच्या औषधांची खोली उघडली आणि पाठीवरचा पंप मधल्या भिंतीवरून माझ्या हातात दिला. "ते यायच्या आत आणून द्या हं बाई. न विचारता वस्तू दिलेली त्यांना चालत नाय."

फवारलं. पंप दोन पाण्यांनी विसळला. चारच्या आत परत! कंबर मोडली, पण काम झालं.

१५ ऑक्टोबर

आंबुशीने माना टाकल्या. मी जिंकले!

१८ ऑक्टोबर, खंडेनवमी

गोजराबाईने प्रसादाला बोलावलं. अंगणात कोयते, छाटणीच्या कात्र्या, खुरपी ओळीने मांडलेली. पंपालासुद्धा हळदकुंकू, वर झेंडूचं फूल! त्यांचा गडी बारकू उभ्याउभ्या हात जोडत होता. सुरगाण्याकडचा माणूस. तो आणि त्याची बायको पुतळाबाई चार वर्षांपासून मळ्यातल्याच खोलीत राहतात. गोटीराम खुशीत होता. "बाग काय फुटलीय बाई! परवा-तेरवाच बारकूनं डावणी रोगाचं औषध मारलं. औंदा घड मोजायला या."

आमच्या घरातला माणूस वर्षात इतकं बोलत नाही.

२१ ऑक्टोबर

सकाळी शेजारी आरडाओरडा. गच्चीवर जाऊन पाहिलं. वेलींचे कोवळे शेंडे मुरडलेत. पानं अरुंद, घडीचा पंखा अर्धा मिटावा तशी. सगळ्या बागेत. गोटीराम एका वेलीजवळून दुसऱ्या वेलीजवळ जात होता.

मला पंप आठवला. उगाच, म्हटलं. माझं तण कुठे, त्याची बाग कुठे! पण चहा तसाच ठेवून पुन्हा गच्चीवर गेले.

२२ ऑक्टोबर

शेतीच्या औषधांच्या दुकानातला माणूस बाग बघायला आला होता. मी भिंतीजवळ कपडे वाळत घालायच्या निमित्ताने उभी. त्याचं एकच वाक्य कानात राहिलंय — "रोग नाही हा, तणनाशकाचा मार आहे. पंपात होतं."

घरात आले, चष्मा लावला, बाटली हातात घेतली. बारीक अक्षरांत छापलंय — द्राक्ष, कापूस, टोमॅटो यांना अत्यंत घातक. वापरलेला पंप धुण्याच्या सोड्याने वारंवार धुवावा, शक्यतो वेगळा ठेवावा. म्हणजे दोन पाण्यांनी काही होत नाही. चौतीस वर्षं मुलांना बजावलं, प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. आणि मी? बाटली जुन्या पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली.

२३ ऑक्टोबर

गोजराबाई मागच्या दाराने आली. ओठ पांढरे. "बाई, पंपाचं कुणापाशी बोलू नका. मी दिला म्हणून कळलं तर ते मला जिवंत ठेवायचे नाय." मी म्हटलं, "नाही बोलणार." ती गेल्यावर हायसं वाटलं. हो, हायसं! स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

यांना सांगावं का? नको. हे पेपर बाजूला ठेवतील, आणि ते मला सोसणार नाही.

२५ ऑक्टोबर

आळ बारकूवर. गोटीरामचं म्हणणं, बांधावरचं गवत विळ्याने कापायचा कंटाळा केला, तणनाशक मारलं आणि तोच पंप बागेत नेला. बारकू एवढंच म्हणत होता, "न्हाय मालक. मी इळ्यानंच कापलंय." गोटीरामने त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्यांदेखत. उद्या खोली रिकामी कर म्हणाला.

मी भिंतीच्या अलीकडे. गोजराबाई पलीकडे, दारात. दोघी गप्प.

२६ ऑक्टोबर

दुपारी फाटक वाजलं. बारकू. मागे पुतळाबाई, डोक्यावर भांड्यांचं गाठोडं. मला वाटलं, संपलं आता! पण तो लॉनकडे बघत म्हणाला, "चांगलं साफ झालं, बाई. तुम्ही फवारत व्हत्या, तवा मी बागंच्या तारा ताणत व्हतो. दिसलं मला."

म्हटलं, "मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? पंप वयनीनं दिल्याला. मालकाचा हात लय वाईट. मला दुसरीकडं काम मिळंल. वयनीला दुसरं घर कुठंय?"

पाणी पिऊन तो बस गाठायला गेला. त्याच्या एका गालावर अजून सूज होती. मी पायरीवर बसून रडले. गेले पाच दिवस मी माझ्या अब्रूला जपत होते, दुसरं काय?

२७ ऑक्टोबर, सकाळ

ठरलं. गोटीरामला सांगायचं — पंप मी नेला. गोजराबाईचं नाव घ्यायचं नाही. ती घरात नव्हती, मी न विचारता उचलला, असं सांगेन. आयुष्यात पहिल्यांदा ठरवून खोटं बोलणार आहे. यांना आत्ताच सगळं सांगितलं. यांनी पेपर बाजूला ठेवला, म्हणाले, "मी येतो बरोबर." मी नको म्हटलं. चूक एकटीची, जाणंही एकटीचं.

२७ ऑक्टोबर, दुपार

सांगितलं. गोटीराम चिडला नाही. अगदी हळू म्हणाला, "न विचारता उचलला? त्या खोलीला कुलूप असतं, बाई."

आणि घरात गेला. दार लावून घेतलं. मी बाहेर, दारावर थापा मारत होते. आतून गोजराबाईचा आवाज — मग तोही नाही. मी यांना हाक मारली.

२८ ऑक्टोबर

गोजराबाई आमच्या आतल्या खोलीत आहे. डावा हात गळ्यात बांधलाय. काल यांनी भिंतीवरून उडी मारून ते दार उघडायला लावलं — या वयात! आता हे फाटकाशी खुर्ची टाकून बसलेत, पेपर न घेता. बाहेर गोटीराम उभा आहे.