आईचा हात, अठरा इंच

प्रिय दादा,

आई गेल्यापासून टाळत होते, ती तिची खोली शेवटी काल आवरली. शिवणाचं मशीन शेजारच्या काकूंच्या सुनेने नेलं. चिंध्यांची गाठोडी कोणीच नेली नाहीत. आता खिडकीशी फक्त तिचं कापड बेतायचं टेबल उरलंय. त्याच्यावरच लिहितेय, म्हणून अक्षर बरं आलंय. त्यावरून माझ्या मनःस्थितीचा अंदाज बांधू नकोस.

आठवतं का, याच टेबलावर उभं करून ती तुझं माप घ्यायची? गिऱ्हाइकाला टेप, घरच्याला हात, हा तिचा नियम. टेप गळ्यात लोंबत असायची, पण आपले शर्ट, फ्रॉक, उशांचे अभ्रे सगळं वीत आणि बोटं मोजून. टेप लावली की माणूस परका वाटतो म्हणायची. तिची बोटं लागली की तुला गुदगुल्या व्हायच्या, तू टेबलभर नाचायचास आणि ती पाठीत धपाटा घालून पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

बाबा गेल्यावर तू तिला म्हणालास, माझ्याकडे राहायला ये. तिची अट एकच, टेबल सोबत येणार. तुझ्या मधल्या खोलीतला कोनाडा सहा फुटांचा. टेबल केवढं आहे, म्हणून तू फोनवर विचारलंस. विचारणारा पोटचा मुलगा, मग टेप कशाला? तिने टेबलावर कोपर टेकवून हातावर हात टाकले आणि सांगितलं, चार हात, एक वीत. तू तिथल्या तिथे हिशेब केलास. हात म्हणजे अठरा इंच, वीत म्हणजे नऊ, झाले एक्क्याऐंशी. नऊ इंच जास्त, मावणार नाही. तुझं ते कोष्टक ऐकून तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, शाळेतलं पाठांतर अजून विसरला नाही पोरगा. भरलेल्या पिशव्या मात्र तिने एकेक करून रिकाम्या केल्या.

हिशेब चुकला, एवढंच असतं तर मी तुला माफ केलं असतं. पण त्यानंतर तिने तुला पुन्हा फोन केला होता. नऊ इंच कापून टाकते म्हणाली. ज्या टेबलावर मी एकदा गरम इस्त्री ठेवली तर तिने माझ्याशी अबोला धरला होता, ते टेबल! तेव्हा तू म्हणालास, नको गं आई, जुनं लाकूड आहे, करवत लावली की फाटेल. तिला ते पटलं. मलाही पटलं. मग ती शेवटपर्यंत याच खिडकीशी बसून लोकांचे कपडे बेतत राहिली. तुझ्या घराचा विषय निघाला की लाकडाला नावं ठेवायची. तुला कधीच नाही, वहिनीलाही नाही.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. परवा तुझा निरोप आला, आईची आठवण म्हणून ते टेबल मला हवं, तिकडच्या सुताराकडून नऊ इंच कापून पाठव, म्हणजे कोनाड्यात बसेल. मी सुताराला बोलावलं. आधी विचारलं, लाकूड फाटेल का हो? तो हसला. म्हणाला, ताई, असं लाकूड हल्ली मिळत नाही, कशाला फाटेल? मग त्याने टेप लावली. पाच फूट साडेसात इंच. आपली आई बुटकी होती, दादा. तुझ्या खांद्यालाही लागत नव्हती. तिचा हात पंधरा इंचांचा होता, आणि तू लहानपणापासून त्या हाताने मोजला गेलास, तरी कोणाचा हात एवढं विचारायचं तुला सुचलं नाही. टेबल होतं तसं मावलं असतं, वर साडेचार इंच उरले असते. सुताराला चहा पाजून परत पाठवलं. टेबल न कापता येतंय, टेम्पो उद्या निघेल. कोनाड्यात लाव. मावलं की नाही, ते मला कळवू नकोस.

लहानपणची सवय जात नाही म्हणून, अजून तुझीच,
चिंगी