त्या शनिवारी वारं होतं

पलूस
२२ ऑक्टोबर २०२३

ती. अक्कास,
शांतवनचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन कानाला लावून ‘काय? काय?’ करत बसण्यापेक्षा हे बरं. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत. तुझ्या भावजयीची, अंजनाची कंबर आता बरी आहे. तुझ्या हातच्या लोणच्याची ती रोज आठवण काढते, म्हणजे बरणी संपली असं समज.

काल शनिवारी फार धावपळ झाली. आज सांगलीच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीची उपासना होती आणि संदेश देण्याचं काम माझ्याकडे होतं. काल दुपारच्याच गाडीनं निघायचं होतं, पण उसात तण गुडघ्याला लागलेलं. सकाळी वारं सुटलं होतं, तरी पंप पाठीला लावला आणि तणनाशक मारून एकदाचा मोकळा झालो. सहासष्टाव्या वर्षीही पाठ ऐकते.

संदेशाचा विषय होता शेजारधर्म. पाळकसाहेबांनी सगळ्यांदेखत शाबासकी दिली. तुला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. लोभ आहेच, तो उतू देऊ नकोस.

तुझा
शांतवन


सातारा
३० ऑक्टोबर

चि. शांतवन यास,
अनेक आशीर्वाद.

बरं झालं देवानं तुला मिशी दिली नाही, नाहीतर पाळकसाहेबांच्या शाबासकीनंतर पीळ देत बसला असतास. लोणचं पाठवते. अंजनाला दे, तू खाऊ नकोस, तुझा रक्तदाब मला माहीत आहे.

माझे गुडघे कुरकुरतात, पण गुरुवारी दवाखान्यात जाऊन बसते. निवृत्त नर्सला कुणी हाकलत नाही. ज्यांच्याकडे कुणी येत नाही अशा पेशंटांशी दोन शब्द बोलते. तुझी पत्रं वाचून झाली की बिस्किटांच्या डब्यात ठेवते, डब्याचं झाकण आता लागत नाही. शेजारच्या अजितकुमारच्या द्राक्षबागेची छाटणी झाली का? त्याच्या गुणमालाला माझा नमस्कार सांग.

तुझी
अक्का


पलूस
८ नोव्हेंबर

ती. अक्कास,
सलाम. वि. वि.

बातमी वाईट आहे. अजितकुमारची बाग गेली. छाटणीनंतर फुटलेली कोवळी पानं चुरगळून पंख्यासारखी झाली, घड धरण्याआधीच जिरून गेले. कुणाचं तरी तणनाशक वाऱ्यानं उडून आलं, असं जाणकार म्हणतात.

त्याचा संशय बिरदेववर आहे. बागेला लागून बिरदेवचा दहा गुंठे मका आहे आणि त्यानंही त्याच आठवड्यात फवारणी केली होती. ते अळीचं औषध होतं, असं तो गळा काढून सांगतोय, पण ऐकतो कोण? अजितकुमार त्याला आपल्या विहिरीचं पाणी द्यायचा, ते बंद केलं. मका वाळू लागलाय. महिनाअखेरीस कृषी खात्याचे साहेब पंचनाम्याला येणार, तेव्हा बिरदेवचं नाव कागदावर चढणार. मी दोन्ही घरांसाठी रोज प्रार्थना करतोय.

तुझा
शांतवन


सातारा
११ नोव्हेंबर

चि. शांतवन यास,
अनेक आशीर्वाद.

गुणमालासाठी जीव कळवळला. मग डबा उघडून तुझं बावीस तारखेचं पत्र काढलं. त्यात वारं आहे, पंप आहे आणि तणनाशकही आहे. बागेच्या एका अंगाला बिरदेवचा मका. दुसऱ्या अंगाला कुणाचा ऊस आहे, ते मला विसरायला लावू नकोस. त्या बांधावर मी बोरं वेचलीत.

दोन्ही घरांसाठी प्रार्थना करतोस ते चांगलंच आहे. तिसऱ्या घराचं काय? मी रागानं लिहीत नाही रे, रडत लिहितेय.

तुझी
अक्का


पलूस
१६ नोव्हेंबर

ती. अक्कास,
सलाम.

तू नर्स होतीस, पोलीस नव्हतीस. वारं तेव्हा कुठल्या दिशेचं होतं, हे कोण सांगणार? आणि आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर आपलं एकच. शाळेतून निवृत्त झालो तरी, खरं बोलायला गुरुजींकडून शिका, असं लोक मुलांना सांगतात. चाळीस वर्षांत हे नाव झालं. मी आता तोंड उघडलं तर लोक मला नाही, प्रभूला हसतील. सगळी साक्ष मातीत जाईल.

बाग जाऊनही गुणमालावहिनींनी दिवाळीचं ताट पाठवलं. अंजनानं करंजी पुढं केली, ती मी तशीच ताटात परत ठेवली. मला काही कळत नाही असं समजू नकोस.

शांतवन


सातारा
१९ नोव्हेंबर

चि. शांतू,

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एकीचं इंजेक्शन दुसरीला दिलं होतं. मेट्रनच्या दाराशी जाईपर्यंत मीही हेच म्हणत होते, की ख्रिस्ती नर्सचं नाव जाईल. मी लगेच बोलले म्हणून ती बाई वाचली. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

प्रभूची अब्रू राखायला आपल्या खोट्याची गरज नाही. तो आपलं बघून घेईल. बिरदेवचा मका मात्र तोवर थांबणार नाही.

अक्का


पलूस
१८ डिसेंबर

ती. अक्कास,
सलाम. वि. वि.

लिहायला उशीर केला, कारण लिहिण्याआधी करायचं होतं. तीस तारखेला साहेब आले. माणसं जमली होती, बिरदेव मान खाली घालून उभा होता. मी पुढं होऊन सांगितलं की फवारणी माझी. साहेबांनी कागदावर माझं नाव लिहिलं, मी सही केली. अजितकुमार तडक बागेत निघून गेला. बाग पुन्हा उभी राहीपर्यंत लागेल ते भरून देईन, असं त्याच्या घरी जाऊन सांगून आलो. त्यानं बसा म्हटलं नाही. वहिनींनी मात्र पाण्याचा तांब्या पुढं केला. बिरदेवचं पाणी त्याच संध्याकाळी सुरू झालं. निम्मा मका हाती लागेल.

मग बिरदेवकडं गेलो आणि हात जोडले. तो म्हणाला, की गुरुजी, त्या दिवशी तुमी फवारताना म्या बांधावरनं बघितलं हुतं. पर सांगून काय उपेग? गुरुजी ख्रिस्ती हायत, खोटं बोलत न्हाईत, असं समदी म्हणत्यात. खोटा मीच ठरलो असतो.

अक्का, मी ज्या नावाला जपत होतो, त्या नावानंच त्याचं तोंड दाबून धरलं होतं. हे ऐकल्यापासून मी सांगलीला चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो. संदेश द्यायला सध्या नको म्हणून सांगितलंय. नाताळला तू इकडंच ये. अजितकुमारकडं नाताळचं ताट घेऊन जायची हिंमत माझ्यात नाही, तू बरोबर असलीस तर जाईन.

तणनाशक मी बंद केलं, आता खुरपण करून घेतो. काल उसावर नुसतं विद्राव्य खत फवारायला पंप पाठीला लावला, तेवढ्यात बिरदेव त्याच्या रानातून चारचौघांदेखत ओरडला, की गुरुजी, आज वारं हाय, पंप उतरा. माझे कान गेलेत, पण एवढं स्वच्छ ऐकू आलं. मी पंप उतरवला.

हेही पत्र त्याच डब्यात ठेव, बावीस तारखेच्या पत्राशेजारी.

तुझा
शांतवन