चिंगीचा चारा

४ मे
जावई सकाळी गाडी घेऊन आले. दोन काचेच्या पेट्या, दिवे, रातकिड्यांचा एक खोका, आणि पेट्यांत ते दोघे. गुड्डू मोठा. चिंगी लहान, शेपटीचं टोक तुटलेली. दाढीवाले ड्रॅगन म्हणतात यांना. मला सरडेच दिसतात, फुगलेले.
आमच्या लेकीला, प्राचीला, आठवा लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांच्या अंगावरचे जंतू बाळाला वाईट, बाळंतपण होईस्तोवर घरात नकोत. म्हणून कल्याणहून इथे म्हसा गावी आमच्याकडे.
नाही म्हणता आलं नाही. मागच्या खेपेला मूल गेलं, तेव्हा पोर दोन महिने कोणाशी धड बोलली नाही. या दोघांशी बोलायची. मी पाहिलंय ते.
अठ्ठावीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. म्हशाच्या यात्रेत मारके बैल आवळून धरले. पण चिंगीने मान वळवून बघितलं तर मी दोन पावलं मागे. आमची ही हसली. "पालीसारखी पाल, अवो. घाबरता काय?"

५ मे
प्राचीने कागद लिहून दिलाय, तो भिंतीला चिकटवला. पाला-भाजी रोज. किडे आठवड्यातून तीनदा, तिच्या नेहमीच्या दुकानातूनच आणलेले, वर कॅल्शियमची पूड भुरभुरून. पालक नको, कांदा नको, आंबट फळ नको. शेवटी: 'रानातले किडे अजिबात नाहीत.' खाली दोन रेघा.
परीक्षेचा कागद वाचावा तसा चारदा वाचला. रोज लिहून ठेवायचं ठरवलं, दवाखान्यात ठेवायचो तसं.

६ मे
चारा: शेवग्याचा पाला, किसलेला दुधी, जास्वंदीची दोन फुलं.
गु. – खाल्लं. फूल आधी.
चिं. – बघितलं, डोळे मिटले.
शेण: गु. बरोबर. चिं. नाही. (शेणच म्हणतोय. दुसरा शब्द सुचत नाही.)

९ मे
हिने गुड्डूला पालक घातला. म्हणे, पालक कोणाला बाधलाय? ओरडलो. नको तितका ओरडलो. पालक कॅल्शियम अडकवून ठेवतो, हाडांपर्यंत पोचूच देत नाही. व्यालेली म्हैस कॅल्शियम कमी पडून आडवी झालेली किती वेळा बघितली मी. हे दोघे तसे आडवे झाले तर उचलून उभं कोण करणार?
घरात म्हशीच्या कॅल्शियमची जुनी बाटली आहे. चिंगीसाठी काढली. पण म्हैस चारशे किलोची, चिंगी पाव किलोची पण नाही. किती थेंब द्यायचे? परत ठेवून दिली.

१३ मे
चिं. भाजीला तोंड लावत नाही. फक्त रातकिडे खाते. तेही संपत आलेत.
सकाळपासून लाईट नाही. यांना गरम दिवा लागतो, नाहीतर खाल्लेलं जिरत नाही. अंगणात उन्हात ठेवले आणि छत्री घेऊन राखणीला बसलो, वर घार फिरत होती. शेजारचे जाता जाता म्हणाले, "भाऊ, सरडे वळायला लागले का आता?" हसा म्हटलं. माझा जीव टांगणीला, यांना मजा.

१९ मे
रोज पाचला व्हिडिओ कॉल. प्रा. आधी त्या दोघांना बघते, मग आम्हाला.
"बाबा, चिंगी बारीक झाली."
म्हटलं, उन्हाळा आहे.
"ती गेली ना, तर मला..." एवढंच बोलली. जावयांनी फोन घेतला. पाय सुजलेत, बीपी वर आहे, तिला टेन्शन देऊ नका म्हणाले. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ चिंगीच्या पेटीसमोर बसलो. पोट हलतंय का ते बघत होतो.

२३ मे
जावयांनी एसटीने रातकिड्यांचा खोका पाठवला. मुरबाडला जाऊन उतरवून घेतला. उघडला तर सगळे मेलेले. उकाड्याने. दुकानदार म्हणतो, पुढचा माल आठ दिवसांनी.
चिं. चार दिवस उपाशी. मांडीची हाडं दिसायला लागली. गुरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "भाऊ, मी गायी-म्हशींचा. याचं मला विचारू नका." खरं बोलले. पण मला रडू यायचं बाकी होतं.

२५ मे
रस्त्याने सिद्धगडाकडे गाड्याच गाड्या. शहरातले काजवे बघायला चाललेत. आम्हाला त्याचं काय, दरवर्षी परसात लुकलुकतात.
दिवसभर एकच विचार. कागदावर दोन रेघा आहेत, पण त्या कशासाठी? फवारणीच्या विषासाठी असणार. आता शेतं उघडी पडलीत, वैशाखात आमच्याकडे कोण फवारतं? मग भीती कसली?
दिवेलागणीला ओटीवरच्या बल्बखाली पांढरं धोतर बांधलं. झाडावरचे पतंग, नाकतोडे, काय काय येऊन बसलं. बरणीभर झाले. ही म्हणाली, "प्राचीला विचारा तरी." म्हटलं, तिला टेन्शन द्यायचं नाही.

२६ मे
सकाळी ९. चिंगीला दोन नाकतोडे दिले. झडप घालून खाल्ले. मला इतका आनंद झाला की हिला हाक मारली. मग बरणीतून अजून एक. लांबट, तपकिरी, मऊ पंखांचा, मानेशी पिवळट. साधा किडा. तोही खाल्ला.
९.४० – तोंड उघडं. मान झटकतेय. घशात अडकलं असेल म्हणून बघितलं. काही नाही.
१० – अंग काळं पडलं. सगळं.
ठाण्याला असल्या प्राण्यांचा एक डॉक्टर आहे, त्यांचा नंबर जावयांनी कागदाच्या मागे लिहिलेला. लावला. ते म्हणाले, काय खाल्लं ते सांगा, आणि लगेच घेऊन निघा. काय खाल्लं ते मला सांगता येईना. रिक्षा दारात आली तोवर संपलं होतं. हातातच.
जास्वंदीखाली पुरली. गुड्डूला किडा दिला नव्हता. देव पावला म्हणायचं की काय, कळत नाही.

संध्याकाळी. हिने फडताळ उघडलं आणि म्हणाली, "अवो, इकडं या." बरणी तशीच ठेवलेली. आत दोन काजवे. लुकलुकत होते.
एकसष्ट वर्षं यांच्यात राहिलो. उजेडात काजवा दिसतो कसा, ते कधी बघितलंच नव्हतं मी.

२७ मे
बुधीबाई आली. वाडीवरून करवंदं घेऊन येते दरवर्षी. माझं तोंड बघून तिने विचारलं, म्हणून सांगितलं. तिला एकटीलाच सांगितलं.
म्हणाली, "काजवा? तो कोंबडी पण खात नाय भाऊ. चोचीत घेती नि टाकून देती. आमच्या पोराटोरांना पण ठावं हाय." मग माझ्याकडं बघून आवाज खाली केला. "तुमाला कोण सांगणार. तुमी तर डॉक्टर."
ठाण्याच्या डॉक्टरांना परत फोन केला. एक काजवा पुरे होतो म्हणाले.
काल प्रा.ला व्हिडिओपुरतं नेटवर्क नाही म्हणून कळवलं होतं. आज गुड्डूला दाखवलं. चिंगी झोपलीय म्हटलं.

३१ मे
रोज नवीन खोटं. कात टाकतेय. लाजतेय. आज गुड्डूला टॉवेलात गुंडाळून नुसतं डोकं दाखवलं आणि चिंगी म्हटलं. स्वतःची किळस आली.
दोन वाट्या चिरतो अजून. एक गुड्डू खातो, एक शेळीला.
ही म्हणते, "किती दिवस?" बाळ होईस्तोवर. "आणि मग?" त्याच्यापुढे मला काही दिसत नाही. ही माझ्याशी कामापुरतं बोलते. जावयांना सांगून टाका म्हणते. त्यांच्या तोंडावरून प्रा. ओळखेल. आणि आत्ताच बीपी इतकं आहे, हे कानावर गेलं तर... लिहवत नाही. मागच्या खेपेला तो दवाखान्याचा जिना मी चढलो होतो.

६ जून
बीपी उतरत नाही. उद्या सकाळी ॲडमिट करतायत, बहुतेक बाळ लवकर काढतील.
पाचला फोन. चेहरा सुजलेला. म्हणाली, "आज दोघांना नीट बघू दे बाबा. मग किती दिवस बघता येणार नाही."
गुड्डूला पेटीत दाखवलं. मग हिने त्याला उचलून टॉवेलात घेतलं. तेवढ्यात मी फोन घेऊन चालत चालत दुसऱ्या पेटीपाशी गेलो. ही टॉवेल घेऊन आली. डोकं दाखवलं. प्रा. बघत राहिली. हसली नाही.
"बाबा, चिंगीच्या पेटीतला दिवा का बंद आहे?"
म्हटलं, लाईट गेलीय.
"गुड्डूचा चालू होता की आत्ता."
हिच्या हातातला टॉवेल हलत होता. तिकडून प्रा.चा श्वास ऐकू येत होता नुसता.
मग म्हणाली, "दिवा लावत जा बाबा. थंडी वाजते तिला." आणि फोन तिनेच ठेवला.
तिला कळलं की नाही? कळलं असेल तर बीपी? जावयांना फोन लावला. म्हणाले, झोपलीय, शांत आहे. शांत म्हणजे कशी, हे विचारायचा धीर झाला नाही.
चिंगीच्या पेटीतला दिवा लावून ठेवलाय. उद्या सकाळी आठला नेणार प्रा.ला.