वेळ दिलेली नाही

४ मार्च
पुन्हा तेच! आज आणखी एका हॉस्पिटलात आमचा बेलचा प्रोग्राम बसवला, आणि तिथंही वेळेची सेटिंग कोरी. पेशंटनं बटण दाबलं आणि नर्स आली नाही, तर किती वेळानं मोठ्या सिस्टरकडे बेल वाजवायची — एवढा एक आकडा भरायचा. नाही भरला की प्रोग्राम गपगुमान डिफॉल्ट, म्हणजे आम्ही आधीच आत ठेवलेला आकडा, उचलतो. अर्धा तास! तो आम्ही ऑफिसात चाचणीपुरता ठेवलेला, सारखी बेल वाजून डोकं उठू नये म्हणून.
वॉर्निंग येते — ‘वेळ दिलेली नाही, अर्धा तास धरला आहे.’ मीच लिहिली आहे. पण बाकीच्या फालतू वॉर्निंगच्या गर्दीत ती वाचतो कोण? बसवणारा फोनवर म्हणाला, पिवळी अक्षरं काय, येतच असतात.

५ मार्च
साहेबांना म्हटलं, हा डिफॉल्टच काढू. आकडा नसेल तर प्रोग्राम सुरूच होऊ नये. म्हणाले, बसवतानाच अडला तर गिऱ्हाईक परत दारात उभं करणार नाही. विषय संपला.

११ मार्च
साहेबांनी स्वतःच प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. सगळ्या वॉर्निंग बंद. स्क्रीन कशी चकचकीत! मी तावातावानं बोलले. त्यांनी चहा मागवला.
घरी नवरा म्हणाला, नोकरी आहे, संसार नाही, इतकं मनाला लावून घेऊ नकोस.

१२ मार्च
काही नाही. गेले, आले.

२ एप्रिल
मागच्या आठवड्यात बसवलेल्या हॉस्पिटलातून फोन. एक आजोबा गेले. बाथरूमला जायचं होतं, बटण दाबलं. वॉर्डात नर्स एकटी, ती पलीकडच्या खोलीत फिट आलेल्या बाईला धरून बसलेली. मोठी सिस्टर खालच्याच मजल्यावर — मोकळी! तिच्याकडे बेल वाजलीच नाही. आजोबा वाट बघून बघून स्वतःच उठले. पडले, डोक्याला लागलं.
सेटिंग उघडून बघितली. कोरी.
जेवण गेलं नाही.

६ एप्रिल
नर्सला निलंबित केलं. चौकशी बसली आहे. साहेब म्हणतात, आपण वॉर्निंग दाखवली होती, त्यांनी वाचली नाही. आणि हे कंपनीतर्फे मी सांगायचं! “तुम्हीच लिहिलीय ना ती?”
लिहिली. पण तिथं ती दिसलीच नाही. त्यांना माहीत आहे, मलाही.

८ एप्रिल
नर्सचा फोन आला. भांडेल असं वाटलं होतं. हळू बोलत होती.
“ताई, मी नाही पोचले तर वर लगेच कळतं, असं आम्हाला सांगितलं होतं. मग कळलं का नाही?”
बघते म्हणाले. काय बघणार, कपाळ!

९ एप्रिल
निदान बाकीच्या हॉस्पिटलांचा आकडा तरी बदलू म्हटलं. साहेब म्हणाले, आत्ता हात लावला तर चूक कबूल केल्यासारखं होईल. म्हणजे आजही सगळीकडे अर्धा तासच. कुणीतरी आत्ता बटण दाबून छताकडे बघत पडलं असेल.
राजीनामा द्यावा? दिला तरी अर्धा तास तो अर्धा तासच.

१३ एप्रिल
चौकशीला जाऊन आले. कंपनीतर्फे गेले होते, नर्सच्या बाजूनं बोलले. परत येताना साहेबांनी गाडीत घेतलं नाही. चालत आले.