दुपारची पाव्हणी

तामलवाडी, १९४३

लेकी चन्नम्मा,

शेजारची महानंदा लिहिते, म्या सांगते. तुझे अप्पा आता भूकसुद्धा विसरलेत. हकीम म्हणाला, असं विसरणारं माणूस जेवण सोडलं की फार दिवस काढत न्हाय. पण पाव्हण्याला जेवू घालायचं ते विसरले न्हाईत. म्हणून रोज दुपारी म्या मागल्या दारानं जाते अन् पुढल्या दारानं पाव्हणी होऊन येते. "या बाई, बसा," म्हणतात अन् माझ्यासंगं भाकरी खातात. चाळीस वर्षांत एवढा मान कधी मिळाला न्हवता.

पत्र सोलापूरला धाडणार न्हाय. तू रडत येशील, अन् रडणाऱ्या पाव्हणीपुढं त्यांना घास गिळायचा न्हाय.

काल त्यांनी विचारलं, "बाई, तुमचे मालक घरी जेवले का?"

म्हटलं, "व्हय, जेवायलेत. तुम्ही आणखी आमटी घ्या."

तुझी आई,
सिद्धम्मा