बुधवारचा विषय

३ फेब्रुवारी

प्रिय ताईस, सप्रेम सलाम. वि. वि.

स्वेटर मिळाला. बाह्या इतक्या लांब आहेत की हातमोजे लागतच नाहीत. तळ्याकाठची खोली बरी आहे. रोज पहाटे दुर्बीण घेऊन पक्षी मोजतो.

एक गोष्ट मात्र जिवाला खाते आहे. डिसेंबरात तीन आठवडे तापानं पडलो होतो, तेव्हाचे आकडे मी अंथरुणातच अंदाजानं भरले. सरांनी ते डोळे मिटून मानले आणि आता ते प्रबंधात बसलेत. सत्तावीस तारखेला परत आलो की सरांसमोर बसून मी स्वतः सांगणार आहे. तोवर धीर टिकावा म्हणून प्रार्थना कर. तुझ्यावाचून कुणापाशी बोललो नाही.

लोभ आहेच, तो वाढो.
तुझा धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाह्या दुमडायच्या असतात. एवढं शिकून हेही कळू नये? माझा गुडघा आहे तसाच आहे.

तुझं पत्र वाचून लगेच प्रार्थनेला बसले. पण मी एकट्या माझ्या प्रार्थनेवर विसंबले नाही. आपली चर्चची मंडळी तुला ठाऊकच आहे: पुस्तकबांधणीच्या दुकानावरची ती खोली, अठरा खुर्च्या, आणि दर बुधवारी प्रत्येकानं आपला प्रार्थनेचा विषय मांडायचा. काल मी तुझा मांडला. तुझं नाव काढलं नाही हं. भावानं अभ्यासात खोटे आकडे लिहिलेत, ते कबूल करायला त्याला बळ मिळो, एवढंच म्हटलं. सगळ्यांनी गुडघे टेकले. पाळकांच्या पत्नीला रडू आवरेना. तुमच्या विभागातल्या कारकूनकाकांनी तर सर्वांत लांब प्रार्थना केली. आता निश्चिंत राहा.

अशीच माया असू दे.
तुझी ताई

२३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. सरांचं पत्र आलं, त्यांना सगळं आधीच कळलंय, एवढंच तू लिहिलंस. मला बोल लावला असतास तर बरं झालं असतं.

कारकूनकाकांना विचारलं. ते म्हणाले, ऐकून गप्प बसणं हेही खोटंच ठरलं असतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यांनी सरांना सांगितलं. त्यांना कुठल्या तोंडानं रागावू? मला भाऊ एकच आहे हे तिथं सगळ्यांना ठाऊक आहे. जीभ माझीच सैल सुटली.

खरं सांगते. दोन वर्षं मी तिथं गुडघ्याचाच विषय मांडते आहे. माझी पाळी आली की लोक घड्याळ बघतात. त्या बुधवारी सगळे माझ्याकडे वळले, आणि ते मला आवडलं. तुझी लाज पुढे करून मी मान मिळवला. घरी येताना मी गुणगुणत होते. आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

काल मंडळीत उभी राहून माफी मागितली. तर त्यांनी मलाच विषय करून प्रार्थना सुरू केली. मी चपला घातल्या आणि खाली उतरले.

माया ठेव म्हणायची मला लाज वाटते.
तुझी ताई

२८ फेब्रुवारी

प्रिय ताईस, सप्रेम सलाम. वि. वि.

निघताना तुझं पत्र हाती पडलं. काल शहरात पोचलो, पण वसतिगृहातच उतरलो आहे. चार गल्ल्या पलीकडून पत्र लिहायचं म्हणजे हसण्यासारखंच आहे, पण पाय घराकडे वळत नाहीत.

सर रागावले नाहीत. ते तीन आठवडे गाळून प्रबंध पुन्हा मांडायचा, वर्ष जाईल, असं म्हणाले. ते मला मान्य आहे. निघताना त्यांनी विचारलं की कारकून बोलले नसते तर मी सांगितलं असतं का. मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण नजर हातातल्या कागदावरच होती.

त्यांचा विश्वास बसला नाही, त्याचं एवढं वाईट वाटत नाही. पण जिना उतरताना मी स्वतःला तोच प्रश्न विचारला. जानेवारीत दोन दिवस शहरात आलो होतो, तेव्हाही मी सांगायचं ठरवून त्यांच्या दारापर्यंत गेलो होतो, आणि तसाच परतलो होतो. हे तुला लिहिलं नव्हतं. या खेपेला बोललो असतो असं वाटतं. पण ते आता कधीच कळायचं नाही, तुलाही नाही आणि मलाही नाही.

थोडे दिवस घरी येत नाही. तोवर माया आहे तेवढी राहू दे.
तुझा धाकटा